वेदिकाचं पुणं अलोऱ्यात

मे महिन्यात कोकण रेल्वेचं वेटिंग कधी कन्फर्म होत नाही, हे रत्नागिरीतलं शेंबडं पोरही जाणतं. मी तर चांगलाच जाणतो. वेटिंगचं तिकीट खिशात घालून संडासाच्या दाराशी वर्तमानपत्र अंथरून मी इतक्या वेळा आलो-गेलो आहे, की काही टीसी मला नावाने ओळखतात. तरीही आमची वेदिका जेव्हा म्हणाली, "बाबा, माझं वेटिंगला आहे. पहिला नंबर," तेव्हा मी छाती फुगवून म्हणालो, "पहिला नंबर? म्हणजे झालंच!"

या 'झालंच'ने आमचा घात केला.

प्रकरण असं होतं. वेदिका बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. पुण्याच्या एका संस्थेत दर उन्हाळ्यात कॉलेजच्या मुलांसाठी गणित संशोधनाचा कार्यक्रम असतो. देशभरातून चाळीस मुलं निवडतात, राहायला-जेवायला देतात आणि महिना-दीड महिना त्यांच्याकडून गणित करून घेतात. अट एकच. मूल दुसऱ्या वर्षाचं हवं. तिसऱ्या वर्षाला गेलं की दार बंद.

मी विचारलं, "परीक्षा संपल्यावर आणखी गणित? कशासाठी?"

ती म्हणाली, "बाबा, पुढच्या वर्षी कॉलेजात गणित घेणारी मी एकटी आहे. सर येतात, फळ्यावर लिहितात, मी उतरवून घेते. मला काही सुचलं तर सांगायला कोणी नसतं. तिथे चाळीस जण असतील ज्यांना याचा कंटाळा येत नाही."

पोरीने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. दहावीला सायकल मागितली होती तीही मैत्रिणीला मिळाली म्हणून. तेव्हा मी ठरवलं, ही पोर पुण्याला जाणार. मी सरकारी कचेरीत हेडक्लार्क आहे. कागद कसा हलवायचा हे मला कोणी शिकवायला नको.

कागद मात्र हलेना. संस्थेला कॉलेजचा बोनाफाइड दाखला हवा होता. कॉलेजातला क्लार्क मला म्हणाला, "दाखल्यात लिहायचं की विद्यार्थिनी या कॉलेजात शिकत आहे. पण कार्यक्रम मे महिन्यात. मेमध्ये कॉलेज बंद. मग ती तेव्हा शिकत असेल कशी?" आता एक हेडक्लार्क म्हणून सांगतो, असा मुद्दा काढायला प्रतिभा लागते. मी मनातून त्याला दाद दिली आणि बाहेरून त्याच्याशी तासभर भांडलो. शेवटी गणिताच्या सरांनी शिफारस केली तर देतो म्हणाला. सर पेपर तपासायला मंडणगडला गेलेले. मी एसटीने मंडणगडला गेलो. त्या घाटातली वळणं अजून माझ्या पोटात आहेत. सर भले गृहस्थ, त्यांनी लगेच सही केली, फक्त प्राचार्यांच्या जागेवर केली. म्हणून पुन्हा एकदा मंडणगड.

अर्जात वेदिकाने एक प्रश्न मांडला होता. माझे सासरे बागायतदार होते. पेटी भरताना ते म्हणत, नरम झालेला आंबा दुसऱ्या नरम आंब्याच्या शेजारी ठेवू नये, दोघे मिळून पेटी नासवतात. वेदिकाचा प्रश्न असा, की हा नियम पाळून पेटी किती प्रकारे भरता येईल?

अर्जात फोन नंबर मात्र मी माझा घालायला लावला. ती म्हणत होती, माझा देऊ या. मी म्हणालो, "मुलीच्या जातीने परक्यांना नंबर देऊ नये. काही असलं तर वडिलांशी बोलतील." आमच्याकडे हीच पद्धत. लाइटबिलापासून लग्नापर्यंत सगळीकडे वडिलांचा नंबर.

निकाल लागला तेव्हा चाळिसांत तिचं नाव नव्हतं, वेटिंग लिस्टमध्ये पहिलं होतं. तर ते 'झालंच'. मी ते व्हरांड्यात उभं राहून म्हणालो आणि पलीकडे गोदाकाकू कुळथाला ऊन देत होत्या. गोदाकाकूंना कमी ऐकू येतं, असं त्या स्वतः सांगतात.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"वेदिकाचं पुण्याचं झालंच म्हणायचं," मी म्हणालो.

"लग्न?"

"नाही हो, गणित."

"सुट्टीत गणित? अगं बाय! मग नापास झाली काय ती?" काकूंनी कळवळून विचारलं. पोरगी नापास झाली असं आळीभर व्हायला नको, म्हणून मी त्यांना सगळं नीट समजावलं. निवड, संस्था, देशभरातून चाळीस. वेटिंगचा तेवढा तपशील राहून गेला.

संध्याकाळी गंगारामदादा आले. हे आमचे शेजारी. उभा जन्म बोटीवर काढला, तिथे इंजिनरूममध्ये बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं कानगोष्ट करणं मांडवी बंदरापर्यंत जातं. निवृत्तीनंतर आळीच्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले. "भाऊ, एवढी मोटी गोस्ट नि तुमी आमाला सांगत नाय? आपल्या आळीची पोर संशोधक झाली! आता तुमी गप ऱ्हावा. पुढचं मंडळ बगंल."

मंडळाने पुढचं बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, तर आळीच्या तोंडावर दहा फुटी फ्लेक्स. 'आमच्या आळीची सुकन्या कु. वेदिका हिची गणित संशोधक पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' फोटो तिच्या मावसबहिणीच्या लग्नातला. शेजारी उभी असलेली मावशी कापून काढली होती, पण मावशीचा हात वेदिकाच्या खांद्यावर तसाच राहिला होता. खाली शुभेच्छुकांचे अठरा फोटो. त्यात गंगारामदादांचा, बोटीवरच्या टोपीतला, वेदिकाच्या फोटोहून मोठा.

"हे उतरवायला सांगा बाबा. आत्ता," वेदिका म्हणाली. ती पांढरीफटक पडली होती.

मी गेलो होतो सांगायला, खोटं नाही. पण गंगारामदादा लोकांना पेढे वाटत होते. एक पेढा त्यांनी माझ्या तोंडात कोंबला. तोंडात पेढा असताना माणूस काय खुलासा करणार? म्हटलं, पहिलाच नंबर आहे, दोन दिवसांत कन्फर्म होईल.

दोन दिवस गेले, आठवडा गेला. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, असं ऐकलं होतं. इथे तुरी बाजारातही आल्या नव्हत्या आणि आळीने पुरणपोळ्या लाटल्या होत्या. कार्यक्रम सुरू व्हायचा दिवस उजाडला तरी फोन नाही. त्या दिवशी सकाळी सहाला दार वाजलं. बाहेर अख्खी आळी उभी. हार, नारळ, गोदाकाकूंच्या हातात ओवाळणीचं तबक.

"चला, पोरीला येष्टीत बसवून देऊ," गंगारामदादा गरजले.

मी आणि माझी बायको राजश्री एकमेकांकडे बघत राहिलो. राजश्री माझ्याहून शहाणी. ती हळूच म्हणाली, "सांगून टाका." मी म्हणालो, "सांगतो," आणि बाहेर जाऊन म्हणालो, "दहा मिनिटांत बॅग भरते हो ती."

राजश्रीचा भाऊ समर्थ अलोऱ्याला वीज प्रकल्पाच्या जुन्या वसाहतीत राहतो, एकटाच असतो. चिपळूणच्या पुढे, तिकडे आपलं कोणी फिरकत नाही. ठरलं, की वेदिकाने चिपळूणला उतरायचं, मामाने मोटारसायकलवर न्यायचं आणि फोन येईपर्यंत तिथे राहायचं. फोन आला की तिथूनच पुणं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वेदिका माझ्याकडे एकदाच बघून बॅग भरायला गेली. स्टँडवर तिला ओवाळलं, हार घातले. "पुण्याला चिपळूणची गाडी कशी काय ओ?" कोणीतरी विचारलं. गंगारामदादांनीच परस्पर उत्तर दिलं, "अरे संशोधक हाय ती, तिला रस्ता म्हाईत असंल!" खिडकीत हारांच्या ढिगामागे पोरीचा चेहरा एवढासा दिसत होता. तेव्हाही मला तो उतरलेला दिसला होता. पण गाडी सुटली आणि मी हात हलवला.

त्यानंतर खोटं बोलणं हा माझा दुसरा पेशा झाला. गोदाकाकू विचारत, "जेवणाचं कसं ओ तिचं? पुण्यात मासे नाय मिळत चांगले." मी म्हणे, "मेस उत्तम आहे." कचेरीत साहेब विचारत, मी म्हणे, "मोठमोठे प्रोफेसर आहेत." इतक्यांदा सांगितलं, की मलाच एकदा वाटलं, या रविवारी पुण्याला जाऊन पोरीला भेटून यावं. रात्री मात्र वेदिका अलोऱ्याहून फोन करायची आणि एकच प्रश्न विचारायची, "बाबा, काही फोन आला का?"

"नाही गं, येईल."

असे दहा-बारा दिवस गेले. गंगारामदादा आणि मी पालीच्या बाजाराला गेलो होतो, पावसाळ्याच्या बेगमीचे कांदे घ्यायला. कांद्याच्या ढिगासमोर दादा घासाघीस करत होते आणि माझा फोन वाजला.

आता माझा मोबाइल आंब्याच्या अढीत पडल्यापासून कानाला लावला तर काही ऐकू येत नाही. स्पीकरवरच बोलावं लागतं. म्हणजे माझं घरचं सगळं आधी बाजाराला कळतं, मग मला. मी बटण दाबलं.

"नमस्कार. वेदिकाचे वडील बोलताय का? मी पुण्याहून, उन्हाळी गणित कार्यक्रमाच्या कार्यालयातून बोलतोय."

"हो, हो, बोला," एवढंच मी म्हणालो. तेवढ्यात दादांनी हातातले कांदे टाकले.

"पोरीच्या सायबांचा फोन! द्या, मना द्या," म्हणत त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतलादेखील. "नमस्कार सायेब! मी गंगाराम, आळीच्या मंडळाचा अध्यक्ष. कशी हाय आमची पोर?"

पलीकडचा माणूस गोंधळला. "मी तेच विचारायला फोन केला. वेदिका सध्या मोकळी आहे का?"

"मोकळी?" दादा हसले. "अवो सायेब, गणिताच्या प्रोग्रामला गेलीय ती! आमी सगळ्यांनी हार घालून येष्टीत बसवली. संशोधन जोरात चाललंय तिचं."

"असं? म्हणजे ती दुसरीकडे आधीच रुजू झाली?" माणूस म्हणाला. बाजाराच्या गलबल्यात त्यातलं 'रुजू झाली' तेवढं दादांनी धरलं.

"व्हय तर! केवाच रुजू झाली!"

"छान. मग आमचा प्रश्न मिटला. अभिनंदन सांगा तिला."

"सांगतो, सांगतो! येवा आंबे खायला!"

फोन बंद झाला. दादांनी तो माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "काय नम्र मानूस ओ! एवढा मोटा सायेब, पन चौकशी करायला फोन करतो."

मी तिथे होतो. त्यांच्यापासून हातभर अंतरावर. "दादा, फोन द्या," एवढं म्हणायचं होतं. पण ते म्हटलं असतं तर लगेच पुढचं सांगावं लागलं असतं, आणि पुढचं आळीला कळलं असतं. मी तोंड उघडलं होतं, हे मला पक्कं आठवतं. मग दादांनी टाकलेले कांदे मी वेचायला घेतले.

दादांची पाठ वळेना. कांदे, मग लसूण, मग चहा, मग परतीची गाडी. घरी पोचल्यावर मी परसात जाऊन त्या नंबरला फोन लावला. तोच माणूस होता. सभ्यपणे म्हणाला, "अहो, एक मुलगा आजारी पडून घरी गेला, म्हणून जागा झाली होती. तुमच्याकडचे गृहस्थ म्हणाले ती दुसरीकडे रुजू झाली, म्हणून लगेच पुढच्या मुलाला कळवलं. तो उद्या येतोय. काही चुकलं का?"

"नाही नाही," मी म्हणालो. "काही नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून अलोऱ्याला गेलो. सगळं सांगायचं ठरवून गेलो होतो. वसाहतीतली निम्मी क्वार्टर्स रिकामी, खिडक्यांतून झाडं आत शिरलेली. समर्थच्या खोलीत वेदिका जमिनीवर बसली होती आणि फरशीभर खडूने चौकटी काढल्या होत्या. चौकटीत काजूच्या बिया. मला बघून तिचा चेहरा इतका उजळला, की माझा धीरच सुटला.

"बाबा, एका ओळीचं मला आलं! दोन ओळींचंही आलं. तीन ओळींना अडलंय. कोणाला तरी विचारायला हवं होतं." मग म्हणाली, "काही फोन आला का?"

"नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली. चहात साखर जास्त झाली होती. मी तो सगळा प्यायलो.

कार्यक्रम संपायची तारीख आली तशी वेदिका 'पुण्याहून' परत आली. मंडळाने सत्कार ठेवलाच होता. आळीच्या देवळासमोर मांडव, खुर्च्या, माइक. वेदिका शाल अंगावर घेऊन, नारळ मांडीवर धरून बसली. गंगारामदादा बोलायला उभे राहिले. त्यांना माइकची गरज नव्हती, तरी त्यांनी घेतला.

"लोकांनो, आपली पोर तिकडं काय मानानं ऱ्हायली, ता मी सोता ऐकलंय. पालीच्या बाजारात आमी कांदे घेत होतो नि पुण्याच्या सायबाचा फोन आला. भाऊंच्या फोनवर! मी सोता बोललो. सायेब विचारतो, वेदिका मोकळी हाय का? मी बोललो, मोकळी कुठली, ती रुजू झालीय! तर सायेब म्हनतो, अभिनंदन सांगा तिला. तेवा बाय, ता अभिनंदन आज मी तुला सगळ्यांसमोर देतो!"

टाळ्या झाल्या. मी वेदिकाकडे बघितलं नाही. मग बघितलं. ती गणिताचीच विद्यार्थिनी. तिला दोन आणि दोन मांडायला वेळ लागला नाही. ती माझ्याकडे बघत होती, आणि रागाने बघत असती तर मला बरं वाटलं असतं.

तिला बोलायला सांगितलं. एका वाक्यात ती मला आळीतून उठवू शकली असती. ती माइकपाशी गेली आणि आंब्याच्या पेटीचा प्रश्न सांगितला. नरम आंब्याशेजारी नरम आंबा नको, तर पेटी किती प्रकारे भरता येईल.

"मग उत्तर काय?" गोदाकाकूंनी पहिल्या रांगेतून विचारलं.

"कितीही मोठ्या पेटीसाठी सूत्र अजून कोणालाच सापडलेलं नाही, काकू."

"मग एवढे दिवस काय केलंत गं बाय तुमी सगळ्यांनी?"

मांडव हसला. वेदिकाही हसली. म्हणाली, "गंगारामकाका माझ्यासाठी पुण्याच्या सरांशी बोलले, त्यांचे आभार. आणि बाबांनी मला पाठवलं, त्यांचे." मग खाली बसली. दादा डोळे पुसत होते. त्यांना आजही काही ठाऊक नाही, आणि माझ्या जिवात जीव असेपर्यंत कळू देणार नाही. एवढं प्रेम करणाऱ्या माणसाला काय सांगायचं?

दुसऱ्या दिवशी मंडळाने फ्लेक्स उतरवून आमच्याकडे आणून दिला. आमच्याकडे जुना फ्लेक्स कोणी टाकत नाही, पावसाआधी लाकडांवर घालतात. परसात लाकडांचा ढीग रचून तयार होता. वेदिका एक टोक धरून उभी राहिली, दुसरं मी धरलं. तिने फ्लेक्स उलटा केला, चेहरा आत जाईल असा.

"तुम्ही तिथे होतात, बाबा?"

"होतो."

"आणि त्यानंतर अलोऱ्याला आलात."

"हो."

"मी तुम्हाला विचारलं होतं."

तिने सुंभाची गाठ मारली, ओढून बघितली, पुन्हा मारली. मला रडू आलं. परसात, भर दुपारी, हेडक्लार्क माणूस, फ्लेक्सचं टोक धरून रडतोय. ती जवळ आली नाही. गाठ बांधून होईपर्यंत तिने वाट बघितली.

मग मी म्हणालो, "ते पेटीचं मला सांगशील का?"

तिने उरलेला सुंभ गुंडाळून ठेवला. मला वाटलं, घरात जाईल. ती घरात गेलीसुद्धा. परत आली ती काजूच्या बिया घेऊन, आणि पायरीवर बसली. "आधी एकच ओळ घेऊ," म्हणाली. बिया मांडल्या, हलवल्या, मोजल्या. दोन आंबे तर तीन प्रकार, तीन आंबे तर पाच, चार तर आठ. एका ओळीपर्यंत मला कळलं आणि मी मान डोलावली. तिने दुसरी ओळ मांडली आणि माझा गोंधळ उडाला. ती थांबली. बिया गोळा करून पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं. मी लक्ष देऊन ऐकत होतो. मला काही कळत नव्हतं, आणि पुढचं वर्षभर तिला हे सांगायला मी एकटाच होतो.